एकवीसचा डाव

टेबलाजवळ आले की भाऊ आधी कानातला कापूस काढायचे. दोन्ही कानांत बोराएवढा बोळा, तेलात भिजवलेला, दिवसभर आत राहून पिवळा पडलेला. चिमटीने तो ओढायचा, उजेडाकडे धरून एकदा निरखायचा आणि जाळी बांधलेल्या लोखंडी खुंटीवर ठेवून द्यायचा. उजव्या कानाचा उजव्या खुंटीवर, डाव्याचा डाव्या. मग म्हणायचे, "हं, लावा आता." म्हणजे सर्व्हिस टाका.

मला ओकारी यायची. वाढवून सांगत नाही. टेबल टेनिसचा चेंडू जाळीला घासतो, कधी खुंटीला लागतो, आणि पुढच्या क्षणाला तो आपल्या तळहातावर असतो. कितीदा तरी तो बोळा चेंडूबरोबर उडून माझ्या बाजूला आला आहे. "फेका इकडं," भाऊ म्हणायचे. मी तो बॅटच्या कडेने ढकलत ढकलत, तोंड दुसरीकडे करून त्यांच्याकडे पाठवायचो. ते पुन्हा खुंटीवर ठेवायचे. खेळ संपला की तोच बोळा पुन्हा कानात.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. माणूस वाईट नाही, उलट चांगला. पण पंगतीत त्याच्या शेजारी पाट आला की आपण हात धुवायच्या निमित्ताने उठतो आणि परत येताना दुसरीकडे बसतो. भाऊंच्या बाबतीत मला उठून जायला दुसरी जागाच नव्हती. हिंगणघाटची गोष्ट, नव्वदच्या दशकातली. मी तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. भाऊ जिनिंगवाल्यांच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखानदारांच्या घरचे, तिघा भावांतले मधले. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की होळीपर्यंत ते कारखान्यात मशिनींपाशी असायचे आणि उन्हाळ्यात अगदी रिकामे. मलाही उन्हाळ्याची सुट्टी. नदीकडच्या रस्त्यावर एक क्लब होता. तिथे पत्तेवाले संध्याकाळी यायचे, टेबल टेनिसवाली पोरं सकाळी. मे महिन्यात भर दुपारी तिथे जाणारे वेडे गावात दोनच होते.

बरं, ती दुपार कशी, तेही ऐका. हा चेंडू इतका हलका असतो की पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा वाकडा जातो. म्हणून पंखा बंद. कूलरचं तर नावच काढायचं नाही. बाहेर लू, म्हणून खिडक्याही लावलेल्या. आमच्या भागात मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणाऱ्या माणसाला घरचे लोक डॉक्टरकडे नेतील, पण भाऊ स्वतः उठून बटण बंद करायचे. "वारा आला का चेंडू खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. मग त्या कोंडलेल्या खोलीत दोन माणसांचा घाम, कोपऱ्यातल्या सतरंजीचा कुबट वास आणि खुंटीवरच्या तेलाचा खवट वास. थोड्याच वेळात भाऊंच्या हनुवटीवरून थेंब टेबलावर पडायला लागायचे. ते तळहाताने पुसायचे, तळहात चड्डीला पुसायचे, आणि एखादा फटका मला चांगला जमला की तोच हात "वा मास्तर!" म्हणत माझ्या खांद्यावर यायचा. मी घरी जाऊन दोनदा अंघोळ करायचो.

बॅटचं रबर साफ करायची त्यांची पद्धत सांगू की नको? सांगतोच. मी एकट्यानेच का सहन करायचं? ते रबर चाटायचे. थुंकी लावलेल्या बोटाने पुसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्याचंही मला काही कौतुक नाही. पण भाऊ सरळ जीभ काढून खालून वर, गाय वासराला चाटते तसे चाटायचे.

"भाऊ, ओल्या फडक्यानं पुसा ना. मी आणून देतो."

"धूळ कुठी बसली, थे फडक्याले काय समजते जी? जिभेले समजते."

तरी मी दुसऱ्या दिवशी घरून धुतलेलं पांढरं फडकं नेलं. भाऊंनी त्याने तोंड पुसलं, मान पुसली, बनियनच्या आत हात घालून काखा पुसल्या आणि घडी घालून मला परत दिलं. "मस्त आहे फडकं," म्हणाले. मग त्यांनी बॅट चाटली.

आणि चहा. त्या काळात या चेंडूंना पटकन पोचे पडायचे. नागपूरहून आणावे लागायचे, म्हणून पोचा पडलेला चेंडू कुणी लगेच फेकत नसे; उकळत्या पाण्यात टाकला की पोचा निघतो. भाऊ तो चहात टाकायचे. समोरच्या टपरीवरून चहा आला की चेंडू कपात बुडवायचे, तरंगून वर आला की बोटाने दाबून धरायचे, चटका बसला की बोट चोखायचे. टक् असा आवाज व्हायचा, चेंडू गोल व्हायचा. तो बनियनला पुसून बाजूला ठेवायचे. इथवर मी समजू शकतो. पण नंतर ते तो चहा प्यायचे. फरशीवरची धूळ, खुंटीवरचं तेल, दोघांचा घाम आणि चेंडूचा तो कापरासारखा वास, हे सगळं असलेला चहा.

"वाया काऊन घालवा?" म्हणायचे. ज्याच्या घरच्या कापसाच्या ट्रकांनी रस्ता अडायचा, तो माणूस हे म्हणायचा!

एकदा त्यांचा कप रिकामा झालेला होता म्हणून त्यांनी चेंडू माझ्या कपात टाकला. मी कप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांना वाटलं मी प्रेमाने दिला. "मास्तर, लय जीव लावता तुमी," ते म्हणाले आणि डोळे मिटून प्यायले. मी खिडकीकडे पाहत उभा राहिलो.

मग जायचो कशाला, असं तुम्ही विचाराल. माझी बायको रोज विचारायची. जायचो, कारण भाऊ खेळायला लागले की खेळच खेळ असायचा.

लगेच नाही. पहिले सात-आठ गुण त्यांना कुणीही हरवू शकायचं. मीसुद्धा. हात जड, पाय एकाच जागी, सोप्या सोप्या चेंडूंना चुका. तेव्हा डाव एकवीस गुणांचा असायचा, त्यामुळे घाई नव्हती. मग हळूहळू काहीतरी व्हायचं. मान किंचित पुढे यायची. तोंड अर्धं उघडं पडायचं आणि लाळ ओठाच्या कडेला येऊन थांबायची, ते काही पाहवत नसे. पण डोळे पाहावे. ते चेंडूला चिकटायचे आणि सुटायचेच नाहीत. मग एक लांब श्वास आणि बारीकसं हसू. ते हसू आलं की मी समजून जायचो, आता आपल्याला गुण मिळायचा नाही. फार जोरात मारायचे नाहीत. चेंडू जिथे जायला हवा तिथे आधीपासूनच त्यांची बॅट असायची.

त्या वेळी आजूबाजूला काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसायचा. एकदा छतावरून पाल धप्पकन टेबलावर पडली. मी किंचाळून मागे सरलो. भाऊंनी फटका मारला, गुण घेतला आणि पुढच्या सर्व्हिससाठी हात पुढे केला.

"मास्तर, चेंडू."

"भाऊ, पाल!"

"कुठी?"

पाल त्यांच्या बॅटपासून हातभर अंतरावर बसून त्यांच्याकडेच पाहत होती.

माझं नेमकं उलट. मला सगळं दिसायचं. हनुवटीवरचा थेंब पडतोय की नाही, बोळा सरकतोय की काय, जिभेचा ओलेपणा रबरावरून चेंडूवर आणि चेंडूवरून माझ्या बोटांवर किती आला असेल. चेंडू सोडून मी सगळं पाहायचो आणि हरायचो.

"काय पाहून राह्यले जी तुमी?" भाऊ एकदा वैतागले. "चेंडूवर कंपनीचा शिक्का असते. फिरताना थो पाहा. दिसो का न दिसो, पाहत राहा. बाकी काईच पाहू नका."

"मनात भलतेसलते विचार येतात, भाऊ."

"येऊ द्या ना. आला त येऊ द्या. त्याले बस म्हणू नका."

एवढं नेमकं सांगणारा माणूस दुसऱ्याच मिनिटाला बॅट चाटायचा. त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला रे लागला की ते असं काहीतरी करायचे.

त्या हसण्याचं कारण मला फार उशिरा कळलं. एका दुपारी वीज गेली. भारनियमन तेव्हा नेहमीचंच होतं. क्लबाशेजारची पिठाची गिरणी थांबली, टपरीवरचा रेडिओ थांबला, रस्त्यावर तर उन्हामुळे चिटपाखरूही नव्हतं. दार उघडून उजेड घेतला आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी घाम पुसत म्हटलं, "किती शांत वाटतं, नाही भाऊ?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शिवी दिली होती.

"तुमाले वाटते," ते म्हणाले.

मग पायाच्या अंगठ्याचं नख उपटत बसले. शेवटी म्हणाले, "माह्या कानात जिनिंग चालू हाये, मास्तर. मी बारका होतो तवापासून मशिनीपाशी बसलो. सगळ्या लाइनीतल्या मशिनी संगंसंगं चालल्या का जसा आवाज येते ना, तसा. रातदिवस."

"कायम?"

"कायम. झोपीतनं जाग आली का पैले थोच. सीझनात बरं राह्यते. बाहेरचा आन् आतला आवाज एक होऊन जाते, समजत नाई कोणता कोणाचा. सीझन संपला, मशिनी बंद झाल्या, का मरण."

"आणि हे तेल-कापूस?"

"आईनं सांगतलं होतं. फायदा काई नाई. पण घातलं का दार लोटल्यावानी वाटते."

मी म्हटलं, "मग इथे पंखासुद्धा बंद करून कशाला खेळता? घरी कूलरजवळ बसलेलं बरं नाही का?"

"इथी बंद होते ना जी."

"काय?"

"जिनिंग." त्यांनी बोटाने कानाकडे दाखवलं. "सात-आठ पाइंट झाले का बारीक होते. दहा-बारा झाले का बंद. कोणं बटन दाबल्यावानी. मंग एकवीस होयपर्यंत काईच नाई. चेंडू टक् टक् वाजते, तेवढाच." ते नख उपटायचे थांबले. "देवळात बसून पाह्यलं. एका महाराजाकडं गेलतो. नागपूरले डाक्टरकडं गेलतो, थो म्हणे नस खराब झाली, आता असंच राह्यन. कुठीच नाई होत. इथीच होते."

मी विज्ञानाचा मास्तर. कानाच्या आतल्या नसांबद्दल काहीतरी सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मी बोलत असतानाच ते पिवळे बोळे पुन्हा कानात बसवले. मला तेव्हाही शिसारी आली, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसापासून डाव सात-आठवर आला की पाणी प्यायला थांबणं मी सोडून दिलं. चेंडू खाली पडला तर पळत जाऊन आणायला लागलो. गप्पा नाहीत, गुणांवरून वाद नाही. डाव एकवीसला संपला आणि त्यांचा चेहरा तसाच मोकळा दिसला तर मी लगेच सर्व्हिस टाकायचो.

मग नियम बदलले. कुठल्या तरी दूरच्या देशात बैठका झाल्या आणि ठरलं की खेळ टीव्हीवर नीट दिसला पाहिजे, लोकांना कंटाळा येता कामा नये. चेंडू थोडा मोठा झाला. त्याचं भाऊंना काही नव्हतं. पण एकवीसचा डाव अकराचा झाला.

"अकरा?" भाऊ म्हणाले. "अकरात काय होते जी? बसलो नाई त उठा म्हणते."

मी हिशेब समजावून सांगितला, की आता डाव जास्त असतात, सामना तेवढाच मोठा होतो. त्यांनी मान हलवली. डाव संपला की बाजू बदलायची, टॉवेल घ्यायचा, पाणी प्यायचं. तेवढ्यात त्यांच्या कानातला कारखाना पुन्हा सुरू. दर डावाला पहिल्यापासून चढण चढायची आणि वर पोचायच्या आत कुणीतरी खाली उतरवायचं.

त्याच सुमारास आर्वीला जिल्ह्याची स्पर्धा होती. आम्ही एसटीने गेलो. स्पर्धा असली की भाऊ आदल्या दिवसापासून एकच बनियन घालायचे, संपेपर्यंत बदलायचे नाहीत. "धुतलं का ध्यान जाते," म्हणायचे. एसटीत मी खिडकीपाशी बसलो होतो आणि तोंड खिडकीबाहेर होतं, एवढंच सांगतो.

त्यांच्यासमोर कॉलेजातला एक पोरगा होता. डोक्याला पट्टी, मनगटाला पट्टी, पायांत पांढरेशुभ्र बूट. भाऊंनी तीनही डाव गमावले. प्रत्येक डावात ते शेवटी शेवटी जुळवून आणत होते, मान पुढे येत होती, तोंड उघडत होतं, आणि तेवढ्यात पंच डाव संपल्याचं सांगत होता. तिसऱ्या डावानंतर पोरग्याने हात मिळवला. भाऊंनी त्याचा हात धरूनच ठेवला.

"अजून एक खेळू ना."

"शेठजी, मॅच संपली," पंच म्हणाला.

"हारलो ना. मान्य आहे. लिहा हारला म्हणून. आता असंच खेळू. थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

त्या भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, भाऊ काय सांगणार? "होयपर्यंत," ते म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "काका, घरी जा, काकू वाट पाहून राह्यली!" सगळा हॉल हसला. पंचही हसला. पोरग्याने आपला हात सोडवून घेतला, त्याकडे तोंड वाकडं करून पाहिलं आणि तो चड्डीला पुसला, एकदा नाही, खालीवर चांगला घासून. भाऊंशी हात मिळवल्यावर मीही वर्षानुवर्षं हेच करत आलो होतो. पण त्याचं ते तोंड पाहून मला जी शिसारी आली, ती भाऊंच्या चहाने कधी आली नव्हती. त्याचे पांढरे बूट, त्याच्या पट्ट्या, हसणारा हॉल, सगळ्यांची किळस आली. मी जाऊन भाऊंच्या दंडाला धरलं. दंड घामाने थबथबलेला होता. "चला भाऊ, गाडी जाईल."

परतीच्या एसटीत ते बोलले ते एवढंच. "नवव्या पाइंटाले बारीक झालं होतं जी. अजून दोन-तीन पाह्यजे होते."

मी खिडकी लावून घेतली आणि त्यांच्या बाजूला तोंड करून बसलो. वास यायचा तो आलाच.

पुढे क्लबाची समिती बदलली. भिंतींना रंग आला, फरशी नवी झाली, दुपारी मुलांचं शिबिर सुरू झालं आणि शिट्टी वाजवणारा एक प्रशिक्षक आला. एका जोडीने तीन डाव खेळून टेबल सोडायचं, असा नियम झाला. डाव अर्थातच अकराचे. दारापाशी एक पाटी लागली. थुंकू नये, ओरडू नये, टेबलावर बसू नये, आणि शेवटी, रबर चाटू नये. देशात आणखी कुठल्या क्लबात अशी पाटी असेल तर मला अवश्य कळवा. भाऊंनी ती पूर्ण वाचली. "कोण चाटते जी?" त्यांनी मला खरोखर आश्चर्याने विचारलं.

मी अध्यक्षांना जाऊन भेटलो. म्हटलं, शिबिरानंतर अर्धा तास आम्हाला द्या, आम्ही जुना एकवीसचा डाव खेळतो. कारण सांगितलं नाही. ते भाऊंचं होतं, माझं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "जुन्या नियमानं खेळलेलं पोरं पाहतील, त्यांच्यावर वाईट संस्कार होतील." ते परीटघडीच्या सदऱ्यात होते आणि अत्तराचा वास सगळ्या खोलीत पसरला होता. मी बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला थुंकलो. मी, ज्याने जन्मात कधी रस्त्यावर थुंकलं नाही.

भाऊ यायचे हळूहळू कमी झाले, मग बंद झाले. मी अधूनमधून घरी जायचो. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. आधी फोन ऐकू येत नव्हता, मग दारावरची घंटा, मग समोरच्याचं बोलणं. लोक म्हणायचे, बहिऱ्या माणसाचं एक बरं असतं, कटकट नाही. मला त्यांच्या मुस्कटात मारावीशी वाटायची. कारण भाऊंनी मला सांगितलं होतं. कारखान्याच्या मशिनी चालू झाल्या तरी आता त्यांना ऐकू येत नव्हत्या. सीझनात त्या आवाजात आतला आवाज लपून जायचा, तेही गेलं. बाहेरचं सगळं बंद झालं आणि आतलं तेवढं उरलं.

"बाराई महिने सीझन आहे आता," ते म्हणाले होते, खूप मोठ्याने. बहिरी माणसं बोलतात तसं.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेले. मयतीला आलेले लोक एकमेकांना सांगत होते की किती शांतपणे गेला माणूस.

मला आठवते ती त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली एक दुपार. प्रशिक्षक गावी गेला होता, शिबिर बंद होतं. क्लबाच्या चौकीदाराकडून मी किल्ली घेतली आणि भाऊंच्या दारात जाऊन उभा राहिलो. बोलून उपयोग नव्हता. मी पिशवीतून बॅट काढून दाखवली. ते काही क्षण बॅटीकडे पाहत राहिले, मग आत जाऊन आपली घेऊन आले.

शिबिराचे चेंडू कुलपात होते. माझ्या खिशात एकच होता. पंख्याचं बटण या वेळी मी बंद केलं. भाऊंनी सवयीप्रमाणे विचारलं, "अकरा?" मी हवेत बोटाने आकडा काढला आणि तो तळहाताने पुसून टाकला.

"मोजाचं नाई?"

मी मान हलवली.

"आन् मंग संपन कवा?"

मी खांदे उडवले. भाऊ हसले. दात बरेच गेले होते.

मी ठरवलं होतं ते सोपं होतं. जिंकायचं नाही, हरायचं नाही. चेंडू त्यांच्या उजव्या हाताला, सरळ, सारख्याच उंचीने देत राहायचा आणि पडू द्यायचा नाही. सुरुवातीला पडला. चार-दोनदा त्यांच्याकडून, चार-दोनदा माझ्याकडून. मी धावत जाऊन आणला. मग तो टिकायला लागला. टक् टक्, टक् टक्. थोड्या वेळाने माझा खांदा दुखायला लागला. भाऊंच्या हनुवटीवरून थेंब पडायला लागले आणि एकदा चेंडू नेमका त्या थेंबावरून उसळून आला, तेव्हा ते पाणी माझ्या ओठांवर उडालं. खारट लागलं. अंगावर शहारा आला. माझा डावा हात रिकामा होता, पण मी ओठ पुसले नाहीत. पुसताना चेंडू गेला असता.

आयुष्यात पहिल्यांदा मी फक्त चेंडू पाहत होतो. फिरणाऱ्या पांढऱ्यावर मधूनच एक निळी रेघ दिसायची. तो शिक्का असावा. घाम, वास, भाऊंचं अर्धं उघडं तोंड, सगळं जागच्या जागी होतं, पण ते दूर होतं. किती वेळ झाला कोण जाणे. मग समोरून एक लांब श्वास ऐकू आला.

मी वर पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं. भाऊंच्या कपाळावर दोन खोल आठ्या होत्या. मी त्यांना ओळखत होतो तेव्हापासून होत्या, मला वाटायचं कपाळच तसं आहे. त्या नव्हत्या. लहान मुलासारखं गुळगुळीत कपाळ होतं आणि त्याखाली ते बारीक हसू. आत सगळ्या मशिनी थांबल्या होत्या. मी त्या कपाळाकडे पाहत राहिलो, आणि चेंडू माझ्या बॅटीखालून निघून गेला.

मागे भिंतीशी लोखंडी कपाट होतं. चेंडू टप्पे खात त्याच्याखाली गेला.

मी भाऊंकडे पाहिलं. ते बॅट पुढे धरून तसेच उभे होते. क्षणभर काही झालं नाही. मग एक आठी आली, मग दुसरी.

"झाली चालू," भाऊ म्हणाले.

कपाटाखाली वर्षानुवर्षांची जळमटं होती, मेलेली झुरळं होती, कुणीतरी चोरून थुंकलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिंका होत्या. मी गुडघे टेकले, गाल फरशीला लावला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.